टायरचा गोटा आणि कोरमचं वळण

कराडला आमच्या मामाचं टायर रिमोल्डिंगचं दुकान. आता रिमोल्ड कमी आणि पंक्चर जास्त, पण माझ्या लहानपणी उसाचा हंगाम सुरू झाला की दुकानापुढे ट्रकच्या आणि टायरगाड्यांच्या टायरांची रास लागायची. सुट्टीत मी तिथेच पडीक असायचो. टायरची नक्षी झिजून गुळगुळीत झाली की ‘गोटा झाला’ म्हणायचं आणि गोटा झालेल्या टायरवर गाडी चालवणारा माणूस एक तर कंजूष नाही तर बेफिकीर, हे तिथे शिकलो. आणि वयाच्या 39 व्या वर्षी, केंब्रिजमधल्या घराच्या दारात, मी कारखान्यातूनच निम्मेअर्धे गोटा होऊन आलेले चार टायर चांगले पाउंड मोजून आणले. व्हिडिओ कॉलवर मामाला दाखवले. तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “आरं, ह्ये नवं हाय का जुनं?”

त्याची चूक नव्हती. पण त्याआधी काय काय झालं ते सांगतो.

गाडी म्हणजे 2001 ची माझदा एमएक्स-5, 1.8 लिटर इंजिनाची. दोन सीट, उघडं छप्पर, ताकद मागच्या चाकांना, वजन एक टनाच्या थोडं वर. इंग्लंडमध्ये ही गाडी जुनी घेतली तर परवडते, म्हणून ट्रॅक डेला दर चौथी-पाचवी गाडी हीच दिसते. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. पैसे भरायचे, सकाळी सूचना ऐकायच्या, हेल्मेट घालायचं आणि रेसच्या ट्रॅकवर आपली रोजची गाडी पळवायची. वेळ मोजायला बंदी, आणि पुढच्याने वाट दिल्याशिवाय ओव्हरटेक करायचं नाही. मी जातो ते नॉरफोकमधल्या स्नेटरटनला. दुसऱ्या महायुद्धातला विमानतळ होता तो. मोठ्या ट्रॅकची एक फेरी साधारण पावणेपाच किलोमीटरची. घरून निघालं की ए11 रस्ता थेट दारात नेऊन सोडतो. हा ए11 पुढे गोष्टीत येणार आहे.

पहिल्या दिवशी गाडीसोबत आलेले टायरच होते. नक्षी भरपूर शिल्लक, त्यामुळे मी निर्धास्त. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, ते वाचायची सवय असूनही वाचले नव्हते. 2314, म्हणजे 2014 सालातला 23 वा आठवडा. जवळजवळ दहा वर्षांचं रबर! पहिल्या तीन फेऱ्या मस्त गेल्या. पाचव्या फेरीला गाडी लोण्यावर चालल्यासारखी सरकायला लागली. स्टिअरिंग वळवलं तरी नाक सरळच चाललेलं. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यावर, येऊन हवा मोजली. सकाळी थंड टायरात 26 पौंड भरली होती, ती आता 35. (हवा पौंडात, पैसे पाउंडात, आमच्या घरात या दोन शब्दांवरून बरेच विनोद झालेत.) टायरमधली हवा दर 10 अंशांना साधारण दीड पौंडाने वाढते. म्हणजे आतली हवा साठेक अंशांनी तापली होती आणि फुगलेला टायर मधल्याच पट्ट्यावर टेकत होता.

शेजारच्या पिटमधल्या म्हाताऱ्या गृहस्थाने माझा चेहरा बघून एक युक्ती सांगितली. टायरच्या खांद्यावरून, म्हणजे नक्षी संपून बाजू सुरू होते तिथून, खडूने आडवी रेघ मारायची आणि दोन-तीन फेऱ्या मारून यायचं. रेघ जिथपर्यंत पुसली गेली तिथपर्यंत टायर रस्त्याला घासतोय. खांद्यावर बारीक त्रिकोण कोरलेले असतात, त्याच्या खालपर्यंत रेघ पुसली गेली तर टायर दुमडतोय, हवा कमी. त्रिकोणापर्यंत पुसलीच नाही तर हवा जास्त. मुलीचा गुलाबी खडू डॅशबोर्डच्या खणात होता, तो कामी आला. पुढचा डावा टायर सोडून बाकी तिन्ही ठीक होते. त्या डाव्याची बाहेरची कड खोडरबराच्या चुऱ्यासारखी सुटून आली होती.

कारण स्नेटरटनचं कोरम नावाचं वळण. बॉम्ब होल या आधीच्या वळणातून बाहेर पडलं की हे उजवं वळण सुरू होतं ते संपतच नाही. कितीतरी सेकंद गाडीचा सगळा भार पुढच्या डाव्या चाकावर, आणि तसाच भार असताना ब्रेक मारून मरेजच्या घट्ट डाव्या वळणात शिरायचं. त्या एका टायरला तिथे जी मार बसते ती बाकीच्या तिघांना मिळून बसत नसेल.

मग टायर शोधणं सुरू झालं. माप 195/50 आर15, आणि याबाबत माझं नशीब चांगलं. जुन्या हलक्या गाड्या पळवणाऱ्यांचं हे लाडकं माप, त्यामुळे ट्रॅकचे बरेच टायर त्यात मिळतात. लोक बघतात तो आकडा म्हणजे ट्रेडवेअर. ही अमेरिकन पद्धत. ठरावीक मापदंडाच्या टायरला 100 धरायचं आणि आपला टायर त्याच्या तुलनेत किती टिकतो ते सांगायचं. रोजच्या गाडीचे टायर तीनशे-चारशेच्या घरात. नानकांग एआर-1 चा आकडा 80, टोयो आर888आर चा 100, नानकांगच्याच एनएस-2आर चे 120 आणि 180 असे दोन प्रकार, मिशलिन पायलट स्पोर्ट कप 2 चा 180. आकडा जितका लहान तितकं रबर मऊ आणि पकड जास्त, असा सगळ्यांचा हिशेब. तो साधारण बरोबरही आहे. पण हा आकडा टिकाऊपणाचा आहे, पकडीचा नाही, आणि तो टायर बनवणारी कंपनी स्वतःच ठरवते. एका कंपनीचा 200 पकडीत दुसऱ्या कंपनीच्या 180 ला सहज मागे टाकू शकतो. मामा याच कामाला अंगठ्याचं नख वापरतो. नख रुतलं की मऊ.

मी अर्थात सगळ्यात लहान आकड्यांच्या टोळीतला टायर उचलला. नाव सांगत नाही, कारण पुढे जे झालं त्यात टायरचा दोष नव्हता. सेमी-स्लिक म्हणतात तो हा प्रकार: नक्षीला मोजक्या चार खाचा, बाकी सपाट रबर. रस्त्यावर कायदेशीर, पण जेमतेम. याच टायरांना बघून मामा तसं म्हणाला.

कोरड्या दिवशी ते टायर म्हणजे निव्वळ व्यसन. पहिल्या फेरीत थंड असताना ते लाकडी वाटतात, दुसरीत जागे होतात, आणि तिसरीपासून कोरमला गाडी अशी चिकटून बसते की मानच दुखायला लागते. रिचेस या पहिल्या वळणात मी आधीपेक्षा कितीतरी जास्त वेगाने शिरत होतो आणि गाडीला काही वाटतच नव्हतं. ब्रेकही उशिरा मारायला लागलो. दुपारी बेंटली स्ट्रेट हा लांब सरळ पट्टा संपताना ब्रेकवर पाय दिला तर पेडल निम्म्यापर्यंत खाली गेलं. ब्रेक ऑइल उकळलं होतं. हे मला आधी कुणी सांगितलं नाही: टायर चांगला झाला की गाडीतली पुढची कच्ची वस्तू उघडी पडते. ब्रेक ऑइल बदललं, पॅड बदलले, मग एका चाकाचं बेअरिंग गुणगुणायला लागलं. टायरांच्या खर्चाएवढाच हा मागून आलेला खर्च. बायकोला मी दोन्ही आकडे वेगवेगळ्या महिन्यांत सांगितले.

पण खरी गोष्ट घरी येताना घडली. नॉरफोक म्हणजे इंग्लंडचा त्यातल्या त्यात कोरडा भाग, पण सप्टेंबरच्या त्या संध्याकाळी आभाळ फाटलं. ए11 वर थेटफर्ड गावाच्या पुढे रस्त्याच्या एका सखल पट्ट्यात पाणी साचलं होतं. वेग ताशी साठ मैलांच्या आत. स्टिअरिंग अचानक हलकं झालं, अगदी हलकं, रिकाम्या बादलीसारखं. चाकं रस्त्यावर नव्हती, पाण्यावर होती. मी काही केलं नाही. शौर्य नव्हे, काय करायचं ते सुचलंच नाही. एक-दीड सेकंदाने गाडी पुन्हा जमिनीला लागली. शेजारून एक मालवाहू ट्रक चालला होता. पुढच्या पेट्रोल पंपावर थांबलो तेव्हा गुडघे थरथरत होते. तिथून घरापर्यंत ताशी 40 मैलांनी आलो, मागच्यांचे हॉर्न ऐकत.

नुसता ओला रस्ता असेल तर तापलेला सेमी-स्लिक बऱ्यापैकी धरतो. साचलेलं पाणी ही वेगळी गोष्ट. ते बाहेर फेकायला नक्षीच्या खाचा लागतात, आणि खाचाच नसतील तर पाणी जाणार कुठे? शिवाय रस्त्यावर संथ चालवून टायर पार थंड झालेले.

दुसऱ्या दिवशी मामाला फोन केला. झालेला प्रकार सांगितला नाही, नुसते झिजलेले टायर दाखवायला म्हणून गाडीभोवती मोबाईल फिरवला. मागच्या उजव्या चाकाशी तो म्हणाला, “थांब थांब. परत दाव. बाण बग.” मी वाकलो. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. तीन चाकांवर तो पुढे होता, या एकावर मागे. टायर उलटा बसवला होता, आणि पाणी बाहेर टाकायच्या त्याच्या चार खाचाही उलट्या फिरत होत्या. बसवून देणाऱ्या दुकानात मीच उभा होतो, चहा पीत. साडेसात हजार किलोमीटरवरून, फुटक्या काचेच्या मोबाईलवर मामाला जे दिसलं ते मला तीन महिन्यांत दिसलं नाही. ए11 वर त्या उलट्या टायरचा किती हात होता ते सांगता येणार नाही. हलकं झालं ते स्टिअरिंग, म्हणजे पुढची चाकं. मामाने मात्र दुकानदाराला कराडच्या भाषेत जे द्यायचं ते देऊन टाकलं.

मग मी कागद घेऊन बसलो. तोपर्यंत माझे पाच ट्रॅक डे झाले होते, त्यातल्या दोनांना पाऊस. एका दिवसात प्रत्यक्ष ट्रॅकवर जेमतेम दोन तास. जाणं-येणं तेवढंच. बाकी वर्षभर गाडी रस्त्यावर, शनिवारची भाजी आणि मुलीचा भरतनाट्यमचा क्लास. जे शहाणे आहेत ते ट्रॅकच्या टायरांची वेगळी चार चाकं ठेवतात आणि तिथे जाऊन बदलतात. पण एमएक्स-5 च्या डिकीत एक चाक नीट मावत नाही, चार कुठून नेणार? ट्रेलर नाही, तो ठेवायला जागा नाही. म्हणजे जो टायर कोरमला हवा त्याच टायरने थेटफर्डचं पाणीही ओलांडायचं. इतके दिवस मी सगळ्यात चांगली फेरी डोळ्यापुढे धरून टायर शोधत होतो. सगळ्यात वाईट अर्धा तास डोळ्यापुढे धरला तेव्हा यादी आपोआप दोन-तीन नावांवर आली.

शेवटी योकोहामाचे एडी08आरएस घेतले. रस्त्याचा टायर आणि सेमी-स्लिक यांच्या मधली ही जात: रबर चिवट, कडा जाड, पण पाण्याला वाट देणाऱ्या खाचा खऱ्या. बाजूवर 82व्ही लिहिलंय, म्हणजे एका टायरला 475 किलो भार आणि ताशी 240 किलोमीटर वेग. माझ्या गाडीला दोन्ही भरपूर. या वेळी दुकानात चहा घेतला नाही. चारही चाकांभोवती फिरून टायर कसे बसलेत ते बघितलं, तारखेचे आकडे वाचले, मग पैसे दिले.

एक काम मात्र आधीच करायला हवं होतं. या गाडीची पुढची चाकं वरच्या बाजूने आत झुकवता येतात, त्याला कॅम्बर म्हणतात. मूळच्या बोल्टवरच ती सोय आहे. अलाइनमेंटवाल्याकडे जाऊन ती जमेल तेवढी झुकवून घेतली. पुढच्या डाव्याची बाहेरची कड वाचवण्यात नव्या टायरपेक्षा या अर्ध्या तासाच्या कामाचा वाटा जास्त असावा असं मला वाटतं. हे आधी केलं असतं तर कदाचित मी सेमी-स्लिकच्या वाटेला गेलोच नसतो.

नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेला बुळबुळीत थर असतो. म्हणून पहिले शे-दीडशे किलोमीटर भाजी आणि भरतनाट्यममध्ये सावकाश घालवले, मग स्नेटरटन. थंड टायरात 24 पौंड, चार फेऱ्यांनी 30, तिथेच ठेवली. सेमी-स्लिक रस्त्यावरची पकड सोडून सुटेपर्यंत गप्प असायचा आणि सुटला की सुटला. हा आधी कुजबुजतो, मग किंचाळतो, आणि मग सुटतो, तोही सावकाश. कोरमला मी त्याचा आवाज ऐकून पाय कमी-जास्त करायला लागलो. फेरी हळू झाली असेल, नक्की झाली असेल. पण विल्सन नावाच्या वळणाला मी नेहमी लवकर वळतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आधीचा टायर ती चूक पोटात घालत होता.

संध्याकाळी निघताना टायर थंड होऊन हवा परत 24 वर आली होती. रस्त्यासाठी ती 26 करायची असते; पिटच्या कोपऱ्यातल्या पंपाने भरून घेतली. थेटफर्डपाशी अपेक्षेप्रमाणे पाऊस आला. त्याच सखल पट्ट्यात पाणी होतं, मी वेग आधीच उतरवला होता, आणि हातातलं स्टिअरिंग जड राहिलं. घरी पोचून दिव्याखाली बघितलं तर चारही टायरांवरचा गुलाबी खडू पार धुऊन गेला होता. मागच्या उजव्यात मात्र दोन पौंड हवा कमी निघाली. तो भरायचा राहिला होता.