फोड एकच, संशयित चार

लाळ्या-खुरकूत ओळखायला प्रयोगशाळा कशाला लागते, असं मामा फोनवर विचारतो. सांगलीकडे त्याच्या गोठ्यातली म्हैस लाळ गाळत लंगडायला लागली, की गल्लीतलं पोरही रोगाचं नाव सांगतं. त्याचं खरं आहे. पण मी अमेरिकेतल्या आयोवात डुकरांचे नमुने तपासते, आणि डुकराच्या नाकाडावरचा फोड फार लबाड. लाळ्या-खुरकूत, स्वाइन व्हेसिक्युलर डिसीज, व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस, सेनेका विषाणूचा आजार, फोड आणणारा यातला कुठलाही रोग असो, नाकाड आणि खुराच्या वरची कड तशीच सोलवटते. नुसतं बघून फरक सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही, मग डॉक्टर कितीही मुरलेला असो.

अमेरिकेत १९२९ नंतर लाळ्या-खुरकूत आलेला नाही. त्यामुळे २०१५च्या उन्हाळ्यात फोड आलेली डुकरं दिसू लागली तेव्हा पळापळ झाली. निघाला सेनेका. हा विषाणू २००२ साली मेरिलँडमधल्या एका प्रयोगशाळेत पेशींच्या कल्चरमध्ये आगंतुकासारखा सापडला होता!

आमच्या टेबलावर येतो तो फोडावरच्या कातडीचा नखाएवढा तुकडा, बफरच्या, म्हणजे नमुना टिकवणाऱ्या द्रावणाच्या, कुपीत. फोड ताजा असला तर त्यात विषाणू खच्चून भरलेला असतो. खपली धरलेल्या जखमेतून फारसं हाती लागत नाही, मग रक्तातल्या अँटीबॉडी बघाव्या लागतात. तुकडा वाटायचा, त्यातला आरएनए, म्हणजे विषाणूचा जनुकीय मजकूर, काढायचा, आणि त्याच्या प्रती वाढवून ओळखणाऱ्या आरटी-पीसीआर चाचणीला लावायचा. लाळ्या-खुरकुतासाठी त्या मजकुरातला ३डी नावाचा भाग शोधायचा, कारण विषाणूच्या सातही प्रकारांत तो जवळपास सारखा राहतो. (प्रकार कोणता हे ठरवायला मात्र सारखा बदलणारा व्हीपी१ नावाचा भाग वाचावा लागतो.)

पीसीआरच्या पडद्यावरचा पॉझिटिव्हचा चढता आलेख कुणीही वाचेल. माझा जीव अडकतो निगेटिव्हच्या सपाट रेषेत. विषाणू नव्हताच, की आरएनए काढतानाच वाया गेला? म्हणून प्रत्येक नमुन्यात मुद्दाम एक परका आरएनए मिसळतो. त्याची रेषा चढली तरच ती सपाट रेषा खरी मानायची. नाही चढली तर सगळं पहिल्यापासून, मग तिकडे कत्तलखान्याच्या दारात ट्रक ताटकळला तरी.

सेनेका सापडला म्हणून लाळ्या-खुरकुताची तपासणी सुटत नाही. एका डुकराला दोन्ही होऊ शकतात. परवा एक पशुवैद्य वैतागून म्हणाले, "दर वेळी सेनेकाच निघतो. किती दिवस पाठवायचं?"

पाठवायचं. आणि आधी सरकारी पशुवैद्यांना फोन करायचा.