नाताळात मुलांनी स्वतःचे काय द्यावे

डिसेंबर उजाडला की लहान मुलांना भेटणारे प्रत्येक मोठे माणूस एकच प्रश्न विचारते: "मग, यंदा सांताक्लॉजकडे काय मागणार?" शेजारच्या काकू विचारतात, रिक्षावाले मामा विचारतात, आणि हा प्रश्न आता ख्रिस्ती घरांपुरताही राहिलेला नाही. कोल्हापुरातल्या कितीतरी बालवाड्यांत नाताळच्या सुटीआधी लाल टोपी आणि कापसाची दाढी लावलेला सांता येतो, पोतडीतून चॉकलेटे वाटतो आणि निघून जातो. विचारणाऱ्याच्या मनात प्रेमच असते, याविषयी मला शंका नाही. परंतु चार-पाच वर्षांच्या मुलाच्या कानावर महिनाभर हेच पडत राहिले, तर नाताळ हा मागण्याचा सण आहे अशी त्याची समजूत होणार, आणि तसे झाल्यास त्या मुलाला स्वार्थी म्हणण्याचा आपल्याला काही अधिकार उरत नाही.

मी आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, रविवारच्या शाळेत लहान वर्गाला शिकवते. या वयाच्या मुलांना देणे शिकवता येते, असे माझे ठाम मत आहे, मात्र त्यासाठी जे द्यायचे ते मुलाचे स्वतःचे असावे लागते. आईबाबांनी दुकानातून आणलेली, कागदात गुंडाळलेली वस्तू मुलाच्या हातात देऊन "जा, त्या दादाला दे" असे सांगितले, तर मूल निरोप्याचे काम शिकते. त्याचे स्वतःचे काहीच गेलेले नसते आणि आपण काही दिले असे त्याला वाटतही नाही.

ख्रिस्तजन्माची गोष्ट सांगताना मुले आपणहून या विषयाकडे येतात. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातले मागी, म्हणजे ज्ञानी, लोक पूर्वेकडून सोने, ऊद आणि गंधरस घेऊन आले, हे चित्र मुलांच्या मनात पक्के बसते, कारण राजासारखे कपडे, उंट आणि पेट्या त्यांना नाताळच्या नाटकात दिसलेल्या असतात. त्यानंतर कोणीतरी हमखास विचारते, "आणि मेंढपाळांनी काय दिलं?" लूकच्या शुभवर्तमानात मेंढपाळांनी काही वस्तू आणल्याचा उल्लेख नाही. ते रात्री आपल्या कळपांची राखण करत होते, तिथून ते लगबगीने निघाले, त्यांनी गव्हाणीत ठेवलेले बाळ पाहिले आणि जे ऐकले होते ते सगळ्यांना सांगितले. माझ्याकडे असलेल्या मुलांपैकी बहुतेकांजवळ सोने देण्याइतके काही नसते, म्हणून मी मेंढपाळांपाशी जास्त वेळ थांबते. रात्रीच्या थंडीत उठून जाणे आणि चांगली बातमी दुसऱ्याला नेऊन सांगणे हेही देणेच होते, हे मुलांना चटकन पटते. डिसेंबरात आमची तरुण मुले घरोघरी नाताळगीते गायला जातात, तेव्हा ज्यांना गुडघ्यांमुळे उपासनेला येता येत नाही अशा आजींच्या घरी मी लहानांनाही मुद्दाम घेऊन जाते. तिथे आपण काय घेऊन आलो आहोत हे त्यांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

सांताक्लॉजलाही घरातून हाकलून द्यावे असे मला वाटत नाही. त्याच्यामागे उभे असलेले संत निकोलस हे चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा या गावचे बिशप होते. त्यांची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. एका गरीब बापाला आपल्या तीन मुलींची लग्ने करणे अशक्य झाले होते, तेव्हा निकोलस यांनी रात्रीच्या अंधारात त्याच्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या आणि आपले नाव कोणालाही कळू दिले नाही. या गोष्टीतली गुप्तता मुलांना फार आवडते. सांताची वाट पाहणाऱ्या मुलाला "या वर्षी तू कोणाचा निकोलस होणार?" असे विचारले, तर सांतावरची माया कमी न होता तिची दिशा बदलते. मग आजोबांचा चष्मा गुपचूप पुसून ठेवला जातो, थोरल्या बहिणीच्या दप्तरात चित्र ठेवले जाते.

लहान मुलांना देण्यात खरोखर आनंद वाटतो का, की आपण तो त्यांच्यावर लादतो, हा प्रश्न पालक मला विचारतात. लारा अॅकनिन, काइली हॅमलिन आणि एलिझाबेथ डन या मानसशास्त्रज्ञांनी 2012 साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मला या बाबतीत महत्त्वाचा वाटतो. त्यांनी दोन वर्षांच्याही आतल्या मुलांना खाऊ दिला आणि तो एका बाहुल्याला देण्याची संधी त्यांच्यापुढे ठेवली. खाऊ मिळताना मुलांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसला, त्याहून अधिक आनंद तो देताना दिसला. आणि दुसऱ्याने पुरवलेला खाऊ देण्यापेक्षा स्वतःच्या वाटीतला खाऊ देताना तो आणखी वाढला. ज्या वयात मुलाला बक्षीस, पुण्य किंवा लोकलाज यांतले काहीच ठाऊक नसते, त्या वयातली ही गोष्ट आहे.

माझी पाच वर्षांची भाची गेल्या नाताळात आपली स्केचपेनची पेटी द्यायला निघाली. पेटी पुठ्ठ्याची होती, एका कोपऱ्यावर सेलोटेप लावलेला होता, आणि तिच्यातले सोनेरी पेन ती फक्त चांदण्या रंगवायला वापरत असे. तिने प्रत्येक पेनचे टोपण काढून कागदावर रेघ मारून पाहिली आणि सुकलेले दोन पेन बाजूला काढले. मग सोनेरी पेन हातात धरून विचारले, "मावशी, हे मी ठेवू का?" मी म्हणाले, "पेटी तुझी आहे, तू ठरव." ते पेन एकदा पेटीबाहेर आले, परत आत गेले, पुन्हा बाहेर आले. तिची आई स्वयंपाकघरातून काही बोलणार होती, तिला मी खुणेनेच थांबवले. शेवटी सोनेरी पेन तिने ठेवून घेतले आणि बाकीची पेटी दिली. मला ते मनापासून योग्य वाटले, कारण तिने दिलेले प्रत्येक पेन तिला काही क्षण हातात धरून सोडावे लागले होते. त्या वेळी "असं नाही करायचं, सगळं द्यायचं" असे दटावले असते, तर पेटी पूर्ण गेली असती, पण ती आमची झाली असती, तिची राहिली नसती.

सुकलेले पेन बाजूला काढणे हेही मी तितकेच महत्त्वाचे मानते. 2019 च्या महापुरात कोल्हापुराला सगळ्या महाराष्ट्राने हात दिला, ते उपकार आपण विसरू शकत नाही. पण त्या मदतीच्या ढिगांत फाटके, न धुतलेले, चेन तुटलेले कपडेही होते, आणि घर चिखलात गेलेल्या बाईला ते हातात घेऊन पाहताना मी पाहिले आहे. जे आपण स्वतः वापरणार नाही ते दुसऱ्याला द्यायचे नाही, हा नियम मुलांना पाचव्या वर्षी सहज कळतो.

आमच्या घरी नाताळच्या फराळात मुलांचा हात असतोच. करंजीची कड कातण्याने कापायचे काम मुलांचे. ती कड वाकडी आली तरी तशीच तळायची आणि तीच करंजी शेजारी जाणाऱ्या ताटात वर ठेवायची. दिवाळीला ज्या घरांतून आमच्याकडे चकल्या आणि चिवडा आलेला असतो, ईदेला ज्या घरातून शिरखुर्मा आलेला असतो, तिथे ही ताटे मुलेच नेतात. कोल्हापुरात कोणी ताट रिकामे परत करत नाही, मूठभर साखर तरी घालून देतात. त्यामुळे आपण दिलेले घेणारा माणूसही देणारा असतो, ही जाण मुलांना ताटाबरोबरच मिळते.

नाताळच्या सुमारास आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांचा गळीत हंगाम भरात असतो. बीडसारख्या जिल्ह्यांतून आलेली ऊसतोड कुटुंबे उघड्या रानात कोप्या बांधून राहतात आणि त्यांची मुले ऐन थंडीत पाचटावर खेळत असतात. आमच्या वर्गातली मुले तिथे जातात, पण त्याआधी कोणीतरी मोठे माणूस जाऊन तिथल्या आयांना काय हवे आहे ते विचारून येते. सांताचा वेश नेत नाही आणि फोटो काढत नाही. मागच्या खेपेला तिथल्या एका मुलीने आमच्या मुलांसाठी भावाकडून कोयत्याने ऊस सोलून घेतला आणि प्रत्येकाच्या हातात एकेक कांडे ठेवले. आमच्यातला एक मुलगा "नको, आपण द्यायला आलोय" असे म्हणाला. मी त्याला ते कांडे घ्यायला आणि तिच्याशेजारी बसून खायला सांगितले.

बक्षिसाचा मोह मात्र पालकांनी टाळावा. "खेळणं दिलंस ना, आता तुला आइस्क्रीम" हे वाक्य फार सहज तोंडात येते. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी 2008 साली वीस महिन्यांच्या मुलांवर केलेल्या प्रयोगात असे दिसले की, मदत केल्याबद्दल वस्तू मिळालेली मुले पुढे कमी वेळा मदतीला आली. ज्यांचे नुसते कौतुक झाले त्यांच्यात अशी घट झाली नाही. म्हणून "छान केलंस" म्हणावे आणि थांबावे. व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर मुलाचे दान झळकवणे तर मला बक्षिसाहूनही वाईट वाटते, कारण तिथे घेणाऱ्या मुलाचाही चेहरा असतो.

आणि मुलाला नवे कपडे हवेत, एखादे खेळणे हवे, यात गैर काही नाही. आजीने वर्षभर पैसे साठवून आणलेली गाडी नातवाने आनंदाने उड्या मारत घ्यावी, कारण तो आनंद हीच आजीला मिळालेली भेट असते. ज्याला मनापासून घेता येत नाही त्याला देतानाही अवघडल्यासारखे होते, असा माझा अनुभव आहे.

या वर्षी आमच्या वर्गाने आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळातल्या, पहिल्या रविवारीच आपापली वस्तू ठरवून ठेवली आहे. एकाने गोट्यांची डबी काढली आहे, एकीने बहिणीला रोज गोष्ट वाचून दाखवायचे कबूल केले आहे, आणि दोघांनी अजून काही ठरवलेले नाही. त्यांना चौथ्या रविवारपर्यंत वेळ आहे आणि त्यांच्या पालकांनी तोवर काही सुचवू नये, एवढे मी सांगून ठेवले आहे.