उद्या जागा आहे

मी अमेरिकेत, मिसुरी राज्यात बालरोगतज्ज्ञ आहे. शाळेच्या, कॅम्पच्या फॉर्मांवर सह्या करणं रोजचंच. त्या दिवशी एक जोडपं पंधरा वर्षांच्या मुलाचा फॉर्म घेऊन आलं, मुलगा मात्र सोबत नव्हता. न तपासता सही कशी करू, म्हटल्यावर कळलं की त्याला अजून काही सांगितलेलंच नाही. पहाटे दोन माणसं येऊन त्याला झोपेतून उठवून गाडीतून नेणार होती.

नेणार कुठे, तर 'बिघडलेल्या' मुलांना वळण लावणाऱ्या एका धार्मिक निवासी केंद्रात. गांजा, शाळेला दांड्या, घरात आदळआपट. आईबाप दुष्ट नव्हते, पार थकले होते.

मी करारनामा मागून घेतला. पत्रं आधी कर्मचारी वाचणार. फोन आठवड्यातून दहा मिनिटं, तोही कर्मचाऱ्यासमोर. आणि मुलाने छळाची तक्रार केली, तर ती घरी परतण्याची युक्ती समजून पालकांनी दुर्लक्ष करावं! म्हणजे तक्रार व्हायच्या आधीच खोटी ठरवून मोकळे. फॉर्ममध्ये मी आणखी एक लिहून द्यायचं होतं: त्याची नैराश्यावरची गोळी बंद करायला हरकत नाही.

इथे 1982 पासून धार्मिक केंद्रांना राज्याचा परवाना लागत नाही. परवाना म्हणजे धर्मात सरकारची ढवळाढवळ, असं त्यांचं म्हणणं. मारहाणीच्या, लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी गाजल्यावर 2021 मध्ये कायदा झाला: नोंदणी, कर्मचाऱ्यांची पूर्वचौकशी, आग आणि आरोग्याची तपासणी, पालकांना मुलापर्यंत विनाअडथळा पोहोचण्याचा हक्क. परवान्यातून सूट मात्र कायम.

"तुम्ही आमच्या धर्माच्या नाही, म्हणून अडवताय," वडील म्हणाले. मी स्वतः रोज देवापुढे दिवा लावते. मुलांकडून प्रार्थना करून घ्या, माझी काही हरकत नाही. पण गोळी बंद करण्यात धर्म कुठे आला?

मी आईला म्हटलं, "आत्ता फोन लावा आणि विचारा, न कळवता भेटायला आले तर चालेल का?" तिने स्पीकरवर लावला. पलीकडचा माणूस गोड बोलत होता. पहिले तीन महिने भेट नाही, मुलाचं मन रमत नाही हो. कायद्याने मला येता येतं ना, असं तिने विचारताच आवाज बदलला. "विश्वास नसलेल्या पालकांची मुलं आम्ही घेत नाही."

वडील माझ्यावरच उखडले. "त्यांच्याकडे उद्या जागा आहे. तुमचा मानसोपचारतज्ज्ञ सहा आठवड्यांनी भेटणार. तोवर हा रात्री पळाला तर शोधायला तुम्ही जाणार?"

ते चुकीचं बोलत नव्हते. अशी केंद्रं भरतात ती या सहा आठवड्यांच्या जोरावर. सही मी केली नाही, पण नुसत्या नकाराने त्यांचं काय भलं होणार होतं? ओळखीच्या मानसोपचारतज्ज्ञाच्या विनवण्या करून गुरुवारी संध्याकाळची वेळ मिळवली.

गुरुवारी तिघंही आले. मुलगा वडिलांशी अवाक्षर बोलत नव्हता. पहाटेचा तो बेत आईने त्याला सांगून टाकला होता.