चेंबर उघडल्यावर

जांबोटीचा तो पोरगा गाडी घेऊन आला तेव्हा चतुर्थीला तेरा दिवस उरले होते. सात सीटची डिझेल गाडी, बेळगाव–चोर्ला–पणजी भाड्यावर चालणारी. पिरनवाडीत रस्ता सोडून ती गॅरेजकडे वळली तेव्हाच मी हातातला पाना खाली ठेवला. टापेटचा, म्हणजे झडपा ढकलणाऱ्या भागाचा, आवाज वरून येतो, बारीक टिकटिक. टापेट हलवणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, निम्म्या वेगाने फिरतो, त्यामुळे त्या टिकटिकीची चालही संथ असते. हा आवाज खालून येत होता, उखळात मुसळ पडावं तसा जड, आणि रेस दिली की वाढत होता.

"मिस्त्री, लई वाजालंय. इंजिनच बदलून टाकू," पोरगा उतरल्या उतरल्या म्हणाला. "सेकंडहँड बघून ठेवलंय, पासष्ट हजारांत. दोन दिवसांत गाडी रोडवर पाहिजे."

त्याची घाई खरी होती. गणपतीत जेवढं भाडं मिळतं तेवढं पुढे दोन महिने मिळत नाही, आणि हप्ता कुणासाठी थांबत नाही. खरं सांगायचं तर मीही मनातून राजी होतो. जुनं उतरवायचं, दुसरं चढवायचं, मजुरी घ्यायची. रिपेरी म्हणजे आठ-दहा दिवस, आणि पुढे काही झालं तर जबाबदारी माझी.

अडलं ते कागदावर. त्याने मोबाईलवर त्या इंजिनाचे फोटो दाखवले. नंबर कोरलेली जागा घासून सपाट केलेली होती, आणि बिल नव्हतं. आरसीवर इंजिन नंबर असतो. इंजिन बदललं तर आरटीओत नोंद करावीच लागते, आणि भाड्याची गाडी फिटनेसला उभी राहिली की इन्स्पेक्टर तो नंबर बघणारच. पोरगा गप्प झाला. "एक दिवस दे," मी म्हटलं. "आधी आत काय आहे ते बघू."

एकेक सिलिंडर बंद करून ऐकलं. जुन्या पंपाच्या गाड्यांत आम्ही इंजेक्टरच्या पाइपचा नट सैल करायचो. ही गाडी कॉमन रेलची, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून डिझेल देणारी. तिच्यात तसं कधीही करू नये, आत दाब हजार बारच्या वरही जातो, डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते. इंजेक्टरचा वायरचा प्लग काढायचा. पहिला काढला, फरक नाही. दुसरा, नाही. तिसऱ्याला आवाज एकदम बसला. म्हणजे तीन नंबरचं बिग एंड, कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथलं बेअरिंग. कॉम्प्रेशन मात्र चारही सिलिंडरचं जवळजवळ सारखं आलं. वरचा भाग शाबूत होता.

चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं, खाली घेतला. तेलात तांबूस कण होते, चुंबकाला न चिकटणारे, म्हणजे बेअरिंगचे. तीन नंबरची कॅप उघडली, क्रँकच्या पिनवर नख फिरवलं तर नख अडकलं. इथपर्यंत सगळं अंदाजाप्रमाणे.

मग तेलाच्या पंपाची गाळणी काढली. जाळी निम्म्याहून जास्त बुजलेली. काळा गाळ थोडा, बाकी सगळे लाल धागे. वाळलेली गॅस्केट पेस्ट.

मी आत जाऊन वही काढली. तीन वर्षांपूर्वी दगड लागून याच गाडीचा चेंबर गळत होता. तो काढून, ठोकून, परत मीच बसवला होता. पेस्ट जास्त लागली की निम्मी बाहेर येते, ती आपण पुसतो. आत जी येते ती कुणाला दिसत नाही. ती सुटते, तुकड्या-तुकड्याने गाळणीवर जाऊन बसते. पंपाला तेल कमी पडत गेलं, आणि कणकुंबीच्या चढाला भरल्या गाडीत बेअरिंगने मान टाकली. इंजिन बदललं असतं तर ही गाळणी न उघडता भंगारात गेली असती. मलाही कधी कळलं नसतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

सकाळी पोराला बोलावलं, "आप्पांना पण घेऊन ये" म्हणून सांगितलं. दोघांसमोर गाळणी ठेवली, वहीचं पान ठेवलं. "ही पेस्ट माझ्या हातची आहे," म्हटलं. पोराचा चेहरा लाल झाला. आप्पांनी एक धागा बोटांत धरून ताणून बघितला, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गाडी कवा देणार?"

"चतुर्थीच्या आधी. ग्राइंडिंग, बेअरिंग, मजुरी माझी. तेल आणि पॅकिंग सेट तेवढा तुमचा."

क्रँक उद्यमबागला नेला. काही गाड्यांच्या क्रँकला ग्राइंडिंग चालतच नाही, घासून बारीक झालेल्या पिनला बसणारी अंडरसाइझ बेअरिंगच येत नाहीत. ही त्यातली नव्हती. ग्राइंडिंगवाल्या मित्राला तारीख सांगितली. "नोडोण," बघू या, असं कन्नडात म्हणत त्याने मायक्रोमीटर लावला. पिन गोल राहिली नव्हती, पण टेन साइझमध्ये, म्हणजे पाव मिलिमीटरमध्ये, साफ होणार होती. चारही पिना एकाच मापाला उतरवल्या. त्या मापाची बेअरिंग बेळगावात मिळाली नाहीत, कोल्हापूरहून बसने पार्सल मागवलं. क्रँकमधली तेलाची भोकं मी स्वतः तारेने आणि डिझेलने तीनदा धुतली. चेंबर बसवताना पेस्टची रेघ मीच ओढली, गॅरेजातल्या पोरांना हात लावू दिला नाही.

आधी इंजेक्टरचे प्लग काढूनच स्टार्टर मारला, गेजवर दाब चढेपर्यंत. मग गाडी चालू केली. गरम झाल्यावर स्लोला काटा दीड बारच्या आसपास उभा राहिला. गाडी चतुर्थीच्या आदल्या दिवशी सकाळी गेली. मधले बुडालेले दिवस भरून देणं मला जमलं नाही.

"हजार किलोमीटर झाले की परत आण," म्हणून सांगितलं होतं. अनंत चतुर्दशीनंतर पोरगा आला. त्याच्यासमोर चेंबर उतरवला, गाळणी पुसून त्याच्या हातात दिली. त्याने ती दाराकडे, उजेडात धरली आणि जाळीतून आरपार बघितलं.