नाल्यावरची निळी बॅरलं

मी बेळगाव तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीची कचरागाडी चालवते. स्वच्छ वाहिनी म्हणतात तिला, संजीवनी या बायकांच्या बचत गटातून आम्हाला ट्रेनिंग देऊन दिलेली. रोजचं काम म्हणजे ओला, सुका, प्लास्टिक आणि कुणाच्या तरी तुटक्या चपला, त्यात लिहिण्यासारखं काय नसतं. पण गेल्या उन्हाळ्यात एक प्रकार झाला.

आमच्या आणि शेजारच्या गावाच्या मधून नाला जातो, पुढं मार्कंडेय नदीला मिळतो. सकाळी बघते तर पुलाखाली तीन निळी बॅरलं, रात्री कुणीतरी टेम्पोतनं ढकलून गेलेलं. एकाचं झाकण उघडं, आतलं हिरवट पिवळं चिखलासारखं काहीतरी सांडलेलं, वास असा की डोळ्यातनं पाणी आलं. आणि बाजूला तसल्याच चिखलाचा अजून एक ढीग, ओला, पण त्याचं बॅरल गायब! म्हणजे कुणीतरी ते ओतून रिकामं करून घरी नेलं होतं. उन्हाळ्यात नळाची वाट बघत बसणाऱ्यांना निळ्या बॅरलची किंमत सांगायला नको, फुकटातलं कोण सोडतंय.

पीडीओ सरांना, म्हणजे पंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांना, फोन केला, ते आले, शेजारच्या पंचायतीचे मेंबर पण आले आणि सुरू झालं, पुलाच्या अलीकडं पडलंय का पलीकडं. महापालिकेला विचारलं तर तिकडनं पण "आमच्या हद्दीत नाही". सीमाभागातली माणसं आम्ही, हद्दीवर भांडायला कुणी शिकवायला लागत नाही. शेवटी मीच बोलले, सर हद्द मागनं ठरवा, आधी ते बॅरल शोधा, कुणीतरी त्यात पाणी भरंल.

मग दोन्ही गावच्या गाड्यांवरचं गाणं बंद करून मराठीत आणि कन्नडमध्ये ओरडत फिरलो, वॉटरमननी घरोघर विचारलं. बॅरल सापडलं तिसऱ्याच गावात, एका मामांच्या परड्यात.

"मामा, पाणी भरलासा काय?"

"न्हाई गं, अजून धुऊलालोय की! दोनदा निरम्यानं घासलोय."

हात बघितले तर मनगटापर्यंत लालभडक, आग आग होत होती त्यांना. तसंच गाडीत घालून दवाखान्यात नेलं.

दुपारी प्रदूषण मंडळाचे साहेब आले. त्यांनी सांडलेल्या चिखलाच्या पाण्यात ॲसिड तपासायची कागदाची पट्टी बुडवली, पट्टी लगेच लाल. म्हणजे ॲसिड. प्लेटिंगचा, म्हणजे धातूवर मुलामा चढवायच्या कामातला, गाळ असणार म्हणाले, क्रोमियम वगैरे असतं त्यात, नक्की काय ते लॅब सांगेल, पण असलं बॅरल कितीही धुतलं तरी पाण्याला वापरायचं नाही. २०१६ च्या नियमात हा गाळ घातक कचऱ्यात येतो, आपल्या डेपोवर नेऊन टाकता येत नाही. परवाना असलेल्या गाडीतनं, सात प्रतींचा मॅनिफेस्ट, म्हणजे कचरा कुठनं कुठं गेला त्याचा कागद, करून न्यायचा, आणि जागा कुठं तर तिकडं बेंगळूरजवळ डाबसपेटला!

गाडी येईपर्यंत ठेवायचं कुठं? कुणालाच नको. आमच्या स्वच्छ संकीर्ण घटकात, म्हणजे पंचायतीच्या कचरा वेगळा करायच्या शेडमध्ये, पक्का कोबा आहे म्हणून शेवटी आमच्याच गळ्यात पडलं. पण मग शेजारच्यांनी ताडपत्री आणि वाळूच्या पिशव्या दिल्या, तिसऱ्या गावानं रात्रीचा राखणदार दिला, नाल्यातली वरची माती खरवडून पोत्यात भरली ती पण सगळ्यांनी मिळून. गाडीचा खर्च एका पंचायतीला झेपणारा नव्हता, तोही तिघांनी वाटून घेतला. खरं तर हा खर्च ज्यानं टाकलं त्याचा, पण तो सापडला तर ना.

त्यातनं एक बरं झालं. फुटक्या ट्यूबलाईट, सीएफएल, बॅटऱ्या, औषधफवारणीचे डबे, इन्सुलिनच्या सुया हे सगळं घरातलंच पण घातक, आणि एका गावचं जेमतेम पोतंभर जमतं, तेवढ्यासाठी कोण गाडी पाठवतंय? आता तिन्ही गावचं आमच्या शेडमध्ये वेगळ्या पिंपात एकत्र साठतं. उडुपीकडं निट्टेला बऱ्याच पंचायतींचा मिळून सुका कचरा वेगळा करायचा एकच मोठा एमआरएफ (तसलं केंद्र) आहे म्हणे, ट्रेनिंगमध्ये व्हिडिओ दाखवला होता, तेव्हा आमच्यातले निम्मे हसले होते की आमच्याकडं असलं कुठं जमायचं.

भंगारवाल्यांनाही ताकीद दिलीय, वासाचं बॅरल आलं तर घ्यायचं नाही, आधी फोन करायचा. मामांचे हात बरे झाले, नवीन बॅरल कधी देताय म्हणून अजून विचारतात. पुलावर कॅमेरा लावायचं पण ठरलंय, फक्त त्याचं करंट बिल कुणी भरायचं यावर परत अलीकडं पलीकडं सुरू आहे.