वडिलांना शुगर, म्हणून मलाही होणारच?

"आमच्या घराण्यातच शुगर हाय, ती काय चुकतीय व्हय?" कोल्हापुरात हे सर्रास ऐकू येतं. घराण्याचा वाटा खराच आहे, पण तो किती हे मोजता येतं.

चेन्नईचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. व्ही. मोहन यांच्या गटानं २००५ मध्ये भारतीयांसाठी मधुमेहाचा धोका मोजायचं १०० गुणांचं कोष्टक केलं. वयाला जास्तीत जास्त ३०, हालचालीला ३०, कंबरेला २०. आईवडील दोघांनाही मधुमेह असेल तर २०, एकालाच असेल तर १०. बेरीज ६० किंवा जास्त झाली की धोका मोठा. काम बैठं आणि व्यायाम शून्य, तर हालचालीचे पुरे ३० गुण पडतात, म्हणजे आईवडिलांकडून येतील त्यापेक्षा जास्त.

जनुकं नेमकं काय करतात? टीसीएफ७एल२ या जनुकाचा एक प्रकार असलेल्यांच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन कमी सुटतं. तेवढ्यानं मधुमेह होतोच असं नाही. पोटावर चरबी चढली की शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, मागणी वाढते आणि पुरवठा अपुरा पडतो. अमेरिकेतल्या मधुमेह-प्रतिबंध अभ्यासात हा प्रकार दोन्ही पालकांकडून आलेल्यांचा धोका, औषध नसलेली खोटी गोळी दिलेल्या गटात, तो एकाकडूनही न आलेल्यांच्या सुमारे १.८ पट होता. आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम आणि ७ टक्के वजन घटवण्याचं ध्येय ठेवलेल्या गटात तो फरक जवळपास उरलाच नाही.

आपल्याकडं तालीम सुटते, खुराक सुटत नाही. जोर-बैठका मारताना जिरणारं तूप-दूध-बदाम गल्ल्यावर बसल्यावर पोटावरच साठतं.

कंबर मोजताना पँटचा नंबर धरू नका, पट्टा पोटाखाली घसरलेला असतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरा, श्वास सहज सोडून आकडा वाचा. पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटीमीटरपासून पुढं सावध व्हायला हवं.

घरात मधुमेह आणि कंबरही जास्त, तर तपासणीसाठी तिशीची वाट बघू नका. नुसती उपाशीपोटीची शुगर पुरत नाही. अनेकांची ती १०० च्या आत असते आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी १४० च्या वर जाते. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा अंदाज देणारी रक्ततपासणी, ५.७ टक्क्यांपासून पुढं काळजीची. पण लोहाच्या कमतरतेनं ती उगीच जास्त दिसू शकते, म्हणून हिमोग्लोबिन कमी असलेल्या बायकांनी ग्लुकोजची तपासणीही करून घ्यावी.