आईची टीप तशीच राहू दे

स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या, असं शाळेचं पत्र आलं. प्रार्थना, गॅदरिंग, घाटावरची वनभोजनं, गणिताच्या सरांचा मार, सगळंच लिहायचं मनात होतं. पण लिहायला बसले की शिवणाच्या बाईच समोर येऊन उभ्या राहतात, गळ्यात टेप, केसात खोचलेली सुई. बाकीचं इतर कुणीतरी लिहीलच.

१९८४ चा जून. मी नववीत. आईने निळ्या टेरिकॉटचा स्कर्ट घरीच शिवला. शिंप्याकडे टाकणं परवडणारं नव्हतं, आणि दहावीपर्यंत तोच पुरायचा म्हणून सगळं सढळ हाताने. घेर अडीच मीटर, उंची थेट पोटरीपर्यंत, कंबरेला नेफा आणि त्यात इलॅस्टिक. सुती कापडाच्या चुण्या निदान खाली तरी पडतात. टेरिकॉटच्या फुगून उभ्या राहतात. त्यात मी बुटकी. कंबर २६ इंच, सीट म्हणजे नितंबांचा घेर ३४. त्या फुग्यात माझी कंबर कुठे गेली ते मलाही कळत नव्हतं. लेझमीच्या सरावात मागच्या रांगेतून "छत्री आली गं, छत्री" ऐकू यायचं.

मग मी अक्कल लढवली. चुण्या दाबायला आतून चार सेफ्टी पिना लावल्या. शिवणाच्या तासाला मशीनवर बसले, पायटा मारला आणि एक पीन उघडून अशी टोचली की मी किंचाळलेच. बाईंनी मला कपाटामागे नेलं, पिना काढल्या, मोजल्या आणि हसल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "शनिवारी सकाळची शाळा सुटली की थांब. परकर घेऊन ये बरोबर."

शनिवारी त्यांनी माझ्या हातात कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड दिलं. मी सपासप उसवायला लागले, तर हात धरला. स्कर्टचा खालचा काठ उलटून त्यांनी उजेडात नेला. आईने रात्री कंदिलापाशी बसून घातलेले हेमटाके होते ते. त्या महिन्यात आमच्याकडे वीज सारखी जायची.

"ही आईची टीप तशीच राहू दे. सरळ आहे. उंची आपण वरून कमी करू."

चुण्या काढून बाई प्लेट, म्हणजे सपाट घड्या, घालणार होत्या. प्लेटच्या स्कर्टची उंची शक्यतो वरूनच घ्यायची असते, हे तेव्हा कळलं. नेफा उसवला, इलॅस्टिक गुंडाळून बाजूला ठेवलं. मग बाईंनी फळ्यावर माझ्या कंबरेचं गणित मांडलं (वर्गात दुसरं कुणी नव्हतं, देवाची कृपा). सीट आणि कंबर यांत फरक आठ इंच. प्लेट सोळा. म्हणजे प्रत्येक प्लेट सीटपाशी जेवढी आत जाते त्याहून कंबरेपाशी अर्धा इंच जास्त आत घ्यायची. फरक सगळ्यांनी वाटून घेतला की कुठेच गोळा होत नाही. सीटपर्यंत प्रत्येक प्लेटवर टीप मारली, तिथून खाली मोकळी सोडली. ओलं फडकं टाकून कोळशाची इस्त्री फिरवली. नुसती फिरवली असती तर टेरिकॉट चकाकलं असतं. पोटरी जिथे भरते तिथे काठ आला की पाय खांबासारखे दिसतात, म्हणून तो गुडघ्याखाली दोन बोटांवर आणला. शाळेचा नियमही तोच होता.

घालून पाहिला. आरसा नव्हता, खिडकीच्या काचेत पाहिलं. मी उंच झाले होते, खरंच!

घरी जाताना मात्र पोटात गोळा. आईने स्कर्ट हातात घेतला, पट्टी चाचपली, उलटा केला. काठावरून बोट फिरवत म्हणाली, "टाके माझेच आहेत की." मग लगेच, "आणि इलॅस्टिक?" बाईंनी ते आठवणीने दप्तरात घातलं होतं. आठवड्याभरात ते धाकट्या भावाच्या चड्डीत गेलं.

आज ठाण्यात माझं अल्टरेशनचं दुकान आहे, तीन मशिनी आहेत, दिवाळीत जेवायला फुरसत नसते. कुणी आईने किंवा आजीने शिवलेलं काही घेऊन आलं की मी आधी काठ उलटते आणि कुठली टीप ठेवता येईल ते बघते. मागच्या वर्षी डिप्लोमा केलेली एक मुलगी कामाला आली. तिने प्लेटचा स्कर्ट सरळ खालून कापायला घेतला होता. तिला समोर बसवून सोळा प्लेटांचं गणित घातलं.

दोन वर्षांपूर्वी शाळेत आले होते. शिवणाच्या खोलीत आता कॉम्प्युटर आहेत. असावेत, हरकत नाही. पण त्या सहा पायमशिनी कुठे गेल्या, हे कुणालाच सांगता येईना, याचं वाईट वाटलं.

एक सांगायचं राहिलं. त्या वर्षी सहामाहीला बाईंनी मला शिवणात 'ब' श्रेणी दिली. माझी काजं बिघडली होती, आणि बाईंकडे वशिला चालत नसे. काजं मी अजूनही बाहेरून करून घेते.